कार ऑडिओतील १६ व्होल्ट प्रणाली

मोठे सबवूफर (बेसचे स्पीकर) चालवणाऱ्या अँप्लिफायरला गाडीच्या नेहमीच्या १२ व्होल्टऐवजी १४, १६ किंवा १८ व्होल्टच्या बॅटरीतून वीज देण्याची पद्धत. ‘बारा व्होल्ट’ हे नाव तसे ढोबळच आहे. सहा घटांची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरून विसावली की १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र) ती पातळी १४.४ च्या आसपास नेतो. १६ व्होल्टच्या बॅटरीत आठ घट असतात. ती विसावलेली असताना १७ व्होल्टच्या जवळ असते आणि पूर्ण भरायला सुमारे १९ व्होल्ट लागतात. ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांतही अशा बॅटऱ्या दिसतात, पण तिथे कारण वेगळे: अल्टरनेटर काढून टाकला तरी स्टार्टर आणि इग्निशन जोमात चालावेत म्हणून.

ऑडिओमध्ये फायदा कितपत होतो, हे अँप्लिफायरच्या वीजपुरवठ्यावर ठरते. आत आलेला व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने ठरावीक पटीत वाढवून पुढच्या भागाला दिला जातो. हा पुरवठा अनरेग्युलेटेड, म्हणजे पुढचा व्होल्टेज स्थिर न राखणारा असेल, तर व्होल्टेज वाढला की आउटपुट त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १४.४ वरून १६ व्होल्टला गेल्यास वॅट सुमारे २३ टक्क्यांनी वाढतात, १८ ला गेल्यास ५६ टक्क्यांनी. ऐकायला हे भरघोस वाटते. डेसिबलमध्ये मोजले तर पहिली वाढ एकाहूनही कमी, दुसरी दोनला जेमतेम टेकणारी. शिवाय ही वाढ स्पीकर तेवढी वॅट सोसून आवाजात उतरवेल असे धरूनच. रेग्युलेटेड अँप्लिफायर तर आउटपुट तेवढाच ठेवतो आणि फक्त अँपिअर कमी ओढतो.

तरीही डीबी ड्रॅग रेसिंगसारख्या आवाजाच्या स्पर्धांत लोक एवढा खटाटोप करतात, कारण तिथे एका डेसिबलच्या अंशावर निकाल फिरतो. दुसरे कारण इंपिडन्सचे, म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाचे आहे. एक ओहमला जोडलेला सबवूफर बॉक्समध्ये वाजताना दोन-तीन ओहमसारखा वागतो, त्यामुळे कागदावरची वॅट प्रत्यक्षात निघतच नाहीत. जास्त व्होल्टेज ही तूट काही प्रमाणात भरून काढतो. उलट, इंपिडन्स खरोखरच खाली राहिला तर त्याच व्होल्टेजने आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळतात.

माझ्या मते खरी कमाई वायरिंगमध्ये आहे. तेवढीच वॅट जास्त व्होल्टेजवर न्यायची तर अँपिअर कमी लागतात, आणि वायरमधली नासाडी अँपिअरच्या वर्गाने घटते. शून्य गेजच्या (जाड) तांब्याच्या पाच मीटर वायरचा रोध साधारण १.६ मिलिओहम. तिच्यातून ३०० अँपिअर गेले की जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच पडतो आणि १४४ वॅटची निव्वळ उष्णता होते. अर्थात वायर दुप्पट केली, अर्थिंग घासून नीट बसवले, तर यातला बराच भाग १२ व्होल्टवरही वाचतो. बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचकावत असतील, तर पाहणी तिथूनच सुरू करावी.

सर्वांत जास्त फसगत चार्जिंगमध्ये होते. मूळ अल्टरनेटर तसाच ठेवून १६ व्होल्टची बॅटरी बसवली, तर सुरुवातीला बॅटरीचाच व्होल्टेज वरचढ असल्याने अल्टरनेटर गप्प बसतो आणि सगळी गाडी बॅटरीवर चालते. व्होल्टेज १४.४ पर्यंत उतरला की तो कामाला लागतो. पण तोवर आठ घटांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला १.८ व्होल्टच उरलेले असतात. म्हणजे बॅटरी रिकामी झालेली असते आणि तशीच राहते. शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट चढून ती लवकरच निकामी होते. म्हणून अल्टरनेटरला असा रेग्युलेटर लावावा लागतो, ज्याचा व्होल्टेज बाहेरून बदलता येतो. त्यानेही एक अडचण उरते: वरचा व्होल्टेज द्यायला अल्टरनेटर जास्त वेगाने फिरावा लागतो, त्यामुळे आयडलिंगला (गाडी उभी असून इंजिन हळू चालताना) तो कमी पडतो. स्पर्धक बहुधा बाहेरच्या चार्जरने बॅटरी भरून मैदानात उतरतात. मोजणी काही सेकंदांचीच असल्याने त्यांचे तेवढ्यावर भागते.

बाकीच्या गाडीला हा व्होल्टेज मानवत नाही. हॅलोजन दिव्याला पाच टक्के जास्त व्होल्टेज मिळाला तरी त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते. इंजिनचा कंप्यूटर लगेच बिघडत नाही, पण व्होल्टेज जास्त असल्याचा पी०५६३ हा कोड दाखवू शकतो. कित्येक अँप्लिफायरच्या इनपुटचे कपॅसिटर १६ व्होल्टचेच असतात. अशा अँप्लिफायरला १८ व्होल्ट देणे म्हणजे हाताने जाळणे.

लिथियममुळे मधले टप्पे मिळाले. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल १२.८ व्होल्टचे, पाच सेल १६ व्होल्टचे. पूर्ण भरल्यावर पाचांचे १८.२५ होतात. लिथियम टायटनेटचे सहा सेल १४ च्या आसपास राहतात. भार पडला तरी यांचा व्होल्टेज शिशाच्या बॅटरीसारखा कोसळत नाही, म्हणून सहा सेलची टायटनेट बँक (जोडलेल्या सेलचा संच) नेहमीच्या अल्टरनेटरवरही चांगली चालते. मात्र सेल समतोल ठेवणारे सर्किट हवेच.

रोजच्या गाडीत हे करायचे, तर पुढची १२ व्होल्टची बॅटरी गाडीसाठी ठेवून मागच्या बँकेला स्वतंत्र अल्टरनेटर देतात. दोन्हींचे अर्थिंग एकच असते. पॉझिटिव्ह मात्र कधीच जोडायचे नाहीत. दोन समान बॅटऱ्यांसाठीचा आयसोलेटर रिले (त्यांना आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) इथे चालत नाही, कारण त्याने जोडणी करताच दोन बॅटऱ्यांमध्ये शेकडो अँपिअर धावू शकतात.