तहाचा फोटो आलाच नाही

२४ ऑक्टोबर १८६०. पेकिंगमध्ये, म्हणजे आताच्या बीजिंगमध्ये, इंग्रज-फ्रेंच आणि चीन यांच्यातलं दुसरं अफूयुद्ध संपवणाऱ्या तहावर सह्या चालल्यात. एका बाजूला इंग्रजांचा लॉर्ड एल्गिन (हाच पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आला), ज्याच्या हुकमावरून सहाच दिवसांपूर्वी बादशहाचा उन्हाळी महाल पेटवला होता, आणि दुसऱ्या बाजूला बादशहाचा धाकटा भाऊ प्रिन्स गोंग, वय २७. भर समारंभात फेलिचे बियातो नावाचा फोटोग्राफर आपलं कॅमेऱ्याचं धूड दारात आणून ठेवतो आणि भलंमोठं भिंग सरळ गोंगच्या छातीवर रोखतो. गोंग पांढराफटक. तिथे हजर असलेल्या इंग्रज जनरल होप ग्रँटने लिहून ठेवलंय की बिचाऱ्याला ती उखळी तोफच वाटली, आता आपलं डोकं उडणार! महाल जाळणारी माणसं समोर बसलेली असताना दुसरं काय वाटणार म्हणा. फोटो काढतायत असं समजावल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

आणि एवढं सगळं होऊन फोटो आलाच नाही. उजेड कमी पडला.

आता आपल्याला हे पटत नाही, कारण साखरपुड्याच्या अंधाऱ्या हॉलमध्येसुद्धा आपला मोबाईल खटाखट फोटो काढतो. पण तेव्हा काचेवर चांदीच्या क्षारांचा थर असायचा आणि तो थर फार सुस्त, आजच्या हिशोबात आयएसओ (थर उजेडाला किती चटकन दाद देतो त्याचं माप) एकच्या आसपास. बरं डोळ्याची गंमत अशी की तो आपोआप जुळवून घेतो, त्यामुळे खोलीत किती कमी उजेड आहे ते आपल्याला कळतच नाही. भर उन्हात साधारण एक लाख लक्स (हे उजेडाचं माप), आणि खिडकीपासून जरा आत बसलात तर दोनतीनशे. म्हणजे बाहेर पाच सेकंदात येणारा फोटो आत अर्धा-पाऊण तास खाणार, आणि तेवढा वेळ सह्या करणारा राजपुत्र काय पुतळ्यासारखा बसणार आहे?

मग दिवे लावायचे ना, तर तेही नाही. ह्या क्षारांना फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश कळायचा, लाल-पिवळा जवळजवळ शून्य, आणि मेणबत्तीच्या उजेडात नेमकं निळंच कमी. म्हणूनच त्या काळच्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं दिसतं आणि लाल डगला काळा.

याचा एक विचित्र परिणाम झाला. मेलेली माणसं हलत नाहीत आणि उघड्यावर पडलेली असतात, त्यामुळे त्यांचे फोटो छान यायचे. त्याच युद्धात, २१ ऑगस्टला चीनमधला ताकूचा किल्ला पडला तेव्हा बियातो मढ्यांच्या एका ढिगाला सुंदर म्हणत होता, माझा फोटो होईपर्यंत कुणी हात लावू नका म्हणत होता, असं तिथल्या एका लष्करी डॉक्टरने लिहिलंय. वाचून अंगावर काटा येतो. धावती लढाई मात्र कुणालाच टिपता आली नाही.

तहाचा फोटो हवा तर मंडळींना बाहेर आणून बसवायचं, हाच उपाय. मे १८७९ मध्ये इंग्रज-अफगाण तहाच्या वेळी अफगाणिस्तानात गंदमकच्या छावणीत जॉन बर्क या फोटोग्राफरने तेच केलं. बर्क स्वतःच्या खर्चाने इंग्रज फौजेबरोबर गेलेला. त्याची पद्धत ओल्या प्लेटची, म्हणजे काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, अंधाऱ्या तंबूत सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच पळत येऊन डेव्हलप करायची, सगळं दहा-पंधरा मिनिटांत, कारण थर वाळला की प्लेट गेली. त्यात मे महिन्याचा उन्हाळा!

पण फोटो आला. मोकळ्यावर ओळीने बसलेले पाच जण, मधे अफगाणिस्तानचा अमीर याकूब खान, त्याच्या शेजारी इंग्रजांचा मेजर कॅव्हान्यारी, आणि सगळे काही सेकंद श्वास रोखल्यासारखे ताठ. त्या चेहऱ्यांवरून कोण जिंकलंय आणि कोण हरलंय ते मला तरी ओळखता येत नाही. तहावर २६ मेला सह्या झाल्या, अमीराला वर्षाला सहा लाख रुपये ठरले आणि त्याचं परराष्ट्र धोरण इंग्रजांच्या हातात गेलं. ३ सप्टेंबरला काबूलच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे कॅव्हान्यारी इंग्रजांचा वकील म्हणून राहत होता त्या जागेवर, हल्ला झाला आणि त्यात तो मारला गेला, फोटोत त्याच्या बाजूला बसलेला इंग्रज अधिकारी जेन्किन्सही. याकूब खानाला गादी सोडून हिंदुस्थानात यावं लागलं. बर्क पुढे काबूलला पोचला आणि त्याने त्या रेसिडेन्सीच्या पडक्या भिंतींचाही फोटो काढला.