१३०० टक्के लाभांश म्हणजे नेमकं किती?

'हिंदुस्थान झिंकनं १३०० टक्के लाभांश दिला, एफडी मोडा आणि शेअर घ्या' असा सल्ला अजूनही फिरतो. आकडा खरा आहे, अर्थ चुकीचा. ही टक्केवारी दर्शनी किमतीवर, म्हणजे कंपनीनं शेअरला ठरवून दिलेल्या मूळ किमतीवर असते. दर्शनी किंमत २ रुपये, म्हणून १३०० टक्के म्हणजे शेअरमागे २६ रुपये. आपण शेअर घेतो बाजारभावानं. तीनशेला घेतला तर हा परतावा नऊ टक्क्यांच्याही आतच.

'पण त्या वर्षी यील्ड (बाजारभावाच्या तुलनेत वर्षभराचा लाभांश) पंचवीस टक्के होतं!' हो, २०२२-२३ मध्ये हे २६ धरून शेअरमागे एकूण ७५.५० रुपये मिळाले. मात्र कंपनीचा नफा होता साधारण १०,५०० कोटी आणि वाटप झालं जवळपास ३२,००० कोटींचं. वर्षानुवर्षं साठवलेली गंगाजळीच उपसली हो! पुढच्या वर्षी लाभांश आला फक्त १३ रुपये.

हिंदुस्थान झिंकसारख्या खाण कंपनीचा नफा जस्त-चांदीच्या भावावर हलतो, एफडीचं व्याज ठरलेलं असतं. शिवाय एक्स-डेटला (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) लाभांशाइतका भाव साधारणपणे उतरतोच. म्हणून यील्ड बघताना आधी वाटप आणि नफा शेजारी मांडा. निवृत्तीची पुंजी लावणाऱ्यांनी तर नक्कीच.