४० मिलिसेकंदांची मुदत

मोबाइलवर झकास चालणारा फोर-के व्हिडिओ एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकला की अडकायला लागतो. आवाज पुढे निघून जातो आणि चित्र धक्के खात मागून येतं. पहिला संशय कॉम्प्युटरवर जातो, रॅम वाढवायचा खर्च काढला जातो. मूळ कारण मात्र बरेचदा फाइलच्या आतच असतं.

फोर-केच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला एकेक बाइट धरला, तर एक फ्रेम सुमारे २५ एमबीची होते. सेकंदाला अशा २५ फ्रेम म्हणजे ६२० एमबी! मोबाइल तोच सेकंद दहा एमबीच्या आत बसवतो.

त्यासाठी दोन युक्त्या वापरल्या जातात. पहिली एकाच चित्रापुरती: डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळायचे. तिच्या मुळाशी असलेलं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केलं. आपल्या फोनमधल्या जेपीईजी फोटोंमागेही हेच गणित आहे, आणि हे नाव आपल्याकडे इतकं कमी ऐकू यावं याची मला खरोखर खंत वाटते.

अडचण होते ती दुसऱ्या युक्तीमुळे. २००३ चं एच.२६४ आणि २०१३ चं एचईव्हीसी ही व्हिडिओ आकसून साठवण्याची दोन्ही मानकं प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. मधूनमधून एक फ्रेम पूर्ण ठेवतात, तिला आय-फ्रेम म्हणतात. बाकीच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं आणि कुठला तुकडा कुठे सरकला याची नोंद असते. त्यातल्या बी-फ्रेम तर पुढच्या फ्रेमचाही आधार घेतात, म्हणजे नंतर दिसणारं चित्र आधी उलगडावं लागतं.

सलग पाहताना हे खटकत नाही. पण एडिटर सलग कुठे पाहतो? हळदीच्या क्लिपमध्ये नेमका हसण्याचा क्षण पकडायला तो डावा बाण दाबून एकेक फ्रेम मागे जातो. हवी ती फ्रेम आय-फ्रेमपासून विसावी असेल, तर सॉफ्टवेअरला त्या आय-फ्रेमपर्यंत मागे जाऊन मधल्या फ्रेम पुन्हा उलगडत यावं लागतं. बाण दाबल्यावर चित्र क्षणभर थबकतं, ते बहुधा याच कामामुळे.

त्यात इफेक्टची भर पडते. सेकंदाला २५ फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमला मिळतात ४० मिलिसेकंद. तेवढ्यात फ्रेम उलगडायची, रंग दुरुस्त करायचे, हलणारा कॅमेरा स्थिर करायचा, वर नाव चढवायचं. या सगळ्याला ७० मिलिसेकंद लागले तर मुदत हुकते. मग आवाजाशी मेळ राखायला सॉफ्टवेअर काही फ्रेम गाळतं, आणि आपल्याला धक्का जाणवतो.

रेंडर करणं म्हणजे ही मुदतच काढून टाकणं. दहा सेकंदांच्या तुकड्यात २५० फ्रेम असतात. प्रत्येकीला ७० मिलिसेकंद धरले तर साडेसतरा सेकंदांत काम उरकतं. तयार चित्रं डिस्कवर ठेवली जातात, आणि पुढच्या वेळी ती फक्त वाचून दाखवायची. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनच्या वरची लाल रेघ एंटर दाबून रेंडर केल्यावर हिरवी होते. दा विंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लालची निळी. रंगात जरासा बदल केला की त्या तुकड्याची रेघ पुन्हा लाल, कारण साठवलेली चित्रं आता निरुपयोगी. म्हणून कापाकापी आधी संपवावी आणि जड इफेक्ट शेवटी लावावेत, असं माझं ठाम मत आहे.

मूळ क्लिपच जड असेल, तर इफेक्ट रेंडर करत बसण्यापेक्षा प्रॉक्सी बनवावी: त्याच क्लिपची कमी रिझोल्यूशनची, उलगडायला सोपी प्रत. पूर्ण रिझोल्यूशन हवं असेल तर क्लिप अॅव्हिडच्या डीएनएक्स किंवा अॅपलच्या प्रोरेझ या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये बदलता येते. यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे बाण दाबताच चित्र हजर. किंमत जागेच्या रूपात मोजावी लागते: प्रोरेझ ४२२ या प्रकारातल्या फोर-के व्हिडिओचा एक तास २२० जीबीच्या आसपास जातो, आणि तो एसएसडीवरच, म्हणजे वेगवान डिस्कवरच, ठेवलेला बरा.

दुखणं नेमकं कुठलं, हे कळायला सगळे इफेक्ट तात्पुरते बंद करून क्लिप चालवून पाहा. सुरळीत चालली तर इफेक्ट रेंडर करा. तरीही अडकली तर प्रॉक्सी बनवा, पण फोकस आणि रंग तपासताना ती बंद करून मूळ क्लिपच बघा. अंतिम व्हिडिओ एरवी मूळ क्लिपवरूनच तयार होतो.