दीक्षा द्यायला भन्तेच लागतात का?

भन्ते (बौद्ध भिक्खू) नसले तर त्रिशरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं आणि पाच शीलं पाळण्याचं वचन), म्हणजे बौद्ध धम्माची दीक्षा, देता येत नाही, हा समज चुकीचा. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंना स्वतःच दिली. अंगावर चीवर (भिक्खूचं वस्त्र) नव्हतं; बाबासाहेब उपासकच, म्हणजे गृहस्थ अनुयायीच होते. आजही बौद्ध पद्धतीने लग्न लावणारे बौद्धाचार्य गृहस्थच असतात.

क्रम सोपा: ‘नमो तस्स’ (बुद्धवंदनेची ओळ) ३ वेळा, मग त्रिशरण, मग पंचशील. घाईत हमखास ‘दुतियम्पि’ (दुसऱ्यांदाही), ‘ततियम्पि’ (तिसऱ्यांदाही) गाळलं जातं. शरणाच्या ३ ओळी ३ वेळा, म्हणजे ९ झाल्याच पाहिजेत. (पालीत ‘श’ नाही, म्हणायचं ‘सरणं’.)

भिक्खूंवाचून खरंच अडतं ते उपसंपदेला, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्याच्या विधीला. विनयाप्रमाणे (भिक्खूंच्या नियमांप्रमाणे) तिथे मध्यदेशात (बुद्धकाळातल्या गंगेच्या खोऱ्यातल्या प्रदेशात) किमान १० भिक्खू हवेत, सीमेवरच्या प्रदेशात ५.