हिरडा आणि गुंज पेरल्यावर उगवत का नाही?

रानातल्या औषधी झाडाचं बी आणलं, कुंडीत टाकलं, रोज पाणी घातलं आणि महिना झाला तरी कोंब नाही, की आपण म्हणतो बी खराब निघालं. बऱ्याचदा बी चांगलं असतं, फक्त सुप्तावस्थेत असतं. मेथी-पालकाचं बी माणसाने निवडून निवडून पटकन उगवणारं केलंय, पण रानात सगळ्या बिया पहिल्याच पावसात उगवल्या आणि नंतर पावसाने ओढ दिली तर सगळीच रोपं जाणार, म्हणून त्या थोड्या थोड्या करून उगवतात.

अडलंय कुठे ते आधी बघायचं. गुंजेच्या टरफलातून पाणीच आत जात नाही. (विड्यात, काढ्यात घालतात तो गोड पाला ह्याच वेलीचा.) पाणी उकळून गॅस बंद करायचा, त्यात बिया टाकून रात्रभर ठेवायच्या, फुगलेल्या पेरायच्या, बाकीच्यांना परत गरम पाणी. काहीजण बी घासायला सांगतात पण आतलं अॅब्रिन भयंकर विषारी आहे, पूड नाकातोंडात गेली तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे मी तरी घासा म्हणणार नाही, आणि घरात लहान मुलं असतील तर गुंज लावूच नका.

हिरड्याचं वेगळं. बाहेर तुरट गर, आत लाकडासारखी आठळी. पिकलेली फळं भिजवून गर पूर्ण काढायचा, आठळीचं रुंद टोक आतल्या गर्भाला धक्का न लावता जरासं छाटायचं आणि मग 36 तास साध्या पाण्यात ठेवायची. जमलं तर थोड्या आठळ्या तशाच पेरा, म्हणजे फरक स्वतःलाच दिसेल.

हल्ली कोणीही उठून जिबरेलिक अॅसिड वापरा सांगतं. जपानमध्ये भाताची रोपं अवाजवी उंच करणाऱ्या एका बुरशीवरून 1926 मध्ये ह्या संप्रेरकाचा माग लागला, आणि बियांमध्ये उगवण रोखून धरणाऱ्या संप्रेरकावर ते मात करतं हे खरंच आहे. पण पाणीच आत शिरत नसेल तर ते तरी कसं शिरणार?

आणि मुळात बी मिळायला तर हवं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कच्चं फळ, कोवळा असतानाच, आठळी धरायच्या आत गोळा होतो. त्यावर कितीतरी आदिवासी घरं चालतात, ते थांबवा असं कोण म्हणेल, पण प्रत्येक रानात चार-पाच जोमदार झाडं फळं पिकेपर्यंत न तोडता राखली पाहिजेत, आणि रोपांसाठी बी त्या सगळ्या झाडांचं मिसळून घ्यायचं, एकाच झाडाचं नाही.