एकोणीस, नव्याण्णव आणि रोमन वजाबाकी

भाचीने वहीत 99 साठी रोमन ‘आय-सी’ लिहिलं होतं आणि बाईंनी त्यावर फुली मारली होती. तिचा प्रश्न मला रास्त वाटला: शंभराच्या डावीकडे एक ठेवला की शंभरातून एक गेला, मग चुकलं काय?

चिन्हं सातच. आय 1, व्ही 5, एक्स 10, एल 50, सी 100, डी 500, एम 1000. मोठं आधी, लहान नंतर, सगळ्यांची बेरीज. लहान आधी आलं तर वजाबाकी. पण ही वजाबाकी एकक, दशक, शतक अशा एकेका घरापुरती करायची असते. 99 मधले नव्वद वेगळे लिहायचे, एक्स-सी. नऊ वेगळे, आय-एक्स. म्हणून आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी बसतो, एक्स फक्त एल आणि सीच्या, सी फक्त डी आणि एमच्या. गेटवे ऑफ इंडियावर पाचव्या जॉर्जच्या आगमनाचं साल असंच कोरलंय: एम-सी-एम-एक्स-आय. हजार, नऊशे, दहा, एक. 1911.

खुद्द रोमन मात्र इतके काटेकोर नव्हते. रोममधल्या कलोसियम या प्राचीन रंगमंडळाच्या 44व्या दरवाजावर एक्स-एल-आय-आय-आय-आय आहे: चाळीसला वजाबाकी, चारला सरळ चार रेघा. इ.स. 9 मध्ये जर्मनीतल्या लढाईत मार्कुस काएलिउस हा सेंच्युरियन, म्हणजे रोमन सैन्यातला अधिकारी, मारला गेला. त्याच्या स्मारकशिलेवर त्याच्या अठराव्या लीजनचा, म्हणजे सैन्यदलाचा, आकडा एक्स-आय-आय-एक्स असा आहे. दहा, आणि पुढे दहाला दोन कमी! तेव्हा घड्याळावर चारच्या जागी चार रेघा दिसल्या तर ती चूक समजू नका. कुठल्याशा राजाच्या हट्टामुळे तसं झालं, ही फिरणारी गोष्टही खरी मानायचं कारण नाही. ती पद्धत रोमनांचीच आहे.

इटलीत 17 अशुभ मानतात. त्याची रोमन अक्षरं, एक्स-व्ही-आय-आय, फिरवली की व्ही-आय-एक्स-आय, ‘विक्सी’ होतं, म्हणजे लॅटिनमध्ये ‘मी जगलो’, अर्थात आता हयात नाही. अक्षरांची जागा बदलल्याने कुणाचं आयुष्य कमी होत नाही, हे मुलांना जरूर सांगावं.

मला खरा आनंद होतो तो बोलीतल्या वजाबाकीचा. रोमनांच्या लॅटिन भाषेत एकोणीस म्हणजे ‘उन्देविगिंती’, विसातून एक. अठरा म्हणजे ‘दुओदेविगिंती’, विसातून दोन. आणि आपला एकोणीस? एक ऊन वीस, विसाला एक उणा! एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत आपण हेच करतो. अठराला मात्र आपण दोन वजा करत नाही, आणि शंभराजवळ आल्यावर तर एकही नाही. तिथे आपण नऊ आणि नव्वद जोडून ‘नव्याण्णव’ म्हणतो. लॅटिन तिथेही ‘उन्देकेंतुम’ म्हणते, शंभरातून एक.

म्हणजे भाचीने लिहिलं होतं ते रोमन माणसाच्या तोंडचं 99.