दुधाची ॲलर्जी आणि दूध न पचणं: हॉटेलात ऑर्डर देताना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

एकाच टेबलावर दोन माणसं बसलीयत, दोघंही वेटरला सांगतात की दुधाचं काही नको, वेटर मान डोलावतो आणि आत जाऊन दोघांचा एकच निरोप देतो. आता समजा तो निरोप आत नीट पोचलाच नाही आणि दोघांच्याही ताटात चमचाभर लोणी गेलं. एकाला बहुतेक काही कळणारसुद्धा नाही, फार तर रात्री पोट जरा गुडगुडेल. दुसऱ्याचे ओठ सुजतील, अंगावर गांधी उठतील आणि वेळ वाईट असेल तर बिलाच्या आधी ॲम्ब्युलन्स येईल. पहिल्याला लॅक्टोज पचत नाही, दुसऱ्याला दुधाची ॲलर्जी आहे, आणि बघणाऱ्याला, बऱ्याचदा घरच्यांनाही, दोघांचं दुखणं सारखंच वाटतं.

आधी न पचण्याचं घेऊ कारण ते सोपंय. दुधात जी साखर असते ती लॅक्टोज, ती लहान आतड्यात फोडायला लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं पण बाळपण सरलं की जगातल्या साधारण दोन तृतीयांश माणसांमध्ये ते हळूहळू कमी होत जातं, म्हणजे खरं बघायला गेलं तर याला आजार म्हणणंही जरा जास्तच आहे, दूध आयुष्यभर आरामात पचवणारेच जगात कमी आहेत. न फुटलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जाते, तिथले बॅक्टेरिया तिच्यावर ताव मारतात, गॅस होतो, आतड्यात पाणी ओढलं जातं, मग पोट फुगणं, कळा, जुलाब हे सगळं ओघाने आलंच. त्रास खरा असतो, मी स्वतः याच पार्टीतला आहे त्यामुळे कोणी "नाटकं" म्हटलं की राग येतो. पण यात जीव जात नाही. आणि मुख्य म्हणजे हा सगळा मामला किती खाल्लं याचा आहे. बऱ्याच जणांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, फारसा त्रास न होता जातं, जेवणाबरोबर घेतलं तर आणखी बरं जातं.

ॲलर्जीत साखरेचा काही संबंधच नाही. तिथे भानगड प्रोटीनची असते, दुधातलं केसीन आणि व्हेमधली, म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातली, प्रोटीन्स. शरीराची संरक्षण यंत्रणा या बिचाऱ्या निरुपद्रवी प्रोटीनला शत्रू ठरवते, त्याच्याविरुद्ध आयजीई नावाच्या अँटिबॉडी बनवून ठेवते, त्या मास्ट सेल नावाच्या पेशींवर जाऊन बसतात आणि ते प्रोटीन परत पोटात गेलं की या पेशी हिस्टामिन आणि बाकीची रसायनं एकदम ओतून मोकळ्या होतात. मग त्वचा, घसा, फुप्फुसं, पोट, रक्तदाब, कुठेही आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी गडबड. याच्या टोकाच्या रूपाला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. हा प्रकार पहिल्यांदा नीट नोंदवला शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1902 मध्ये. ते कुत्र्यांना समुद्री प्राण्यांच्या विषाचे डोस देऊन त्यांच्यात प्रतिकारशक्ती तयार होते का बघत होते, आणि झालं भलतंच, पहिला डोस पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या त्याहून छोट्या डोसने थोड्याच वेळात मेला. रिशेला यासाठी 1913 चं नोबेल मिळालं. तेव्हाची गोष्ट विषाची होती, पण "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" आणि "एवढंसं तर आहे" या दोन्ही दिलाशांना काही अर्थ नाही हे तिथेच दिसलं होतं. लोक हॉटेलात अजूनही हेच दोन दिलासे देतात.

आता गंमत बघा, एकाला जे चालतं ते दुसऱ्याला नेमकं चालत नाही. लॅक्टोज-फ्री दूध हे याचं सगळ्यात धोकादायक उदाहरण. ते दूधच असतं, फक्त त्यात लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते, प्रोटीन सगळं जागच्या जागी. माझ्यासारख्याला वरदान, ॲलर्जीवाल्याला सरळ विष, आणि तरी एखादा भला वेटर "आमच्याकडे लॅक्टोज-फ्री आहे ना!" म्हणून मोठ्या आनंदाने तेच घेऊन येतो. जुनं मुरलेलं कडक चीज, त्यातही तेच, लॅक्टोज जवळजवळ संपलेलं असतं पण केसीन ठासून भरलेलं. तुपातही लॅक्टोज नसल्यात जमा, पण प्रोटीनचा अंश राहू शकतो म्हणून ॲलर्जीवाल्याने ते सुरक्षित धरायचं नाही. शेळीचं दूध चालेल असा एक समज फार पसरलाय, तर गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या 10 पैकी 9 जणांना त्यानेही रिॲक्शन येते कारण प्रोटीन्स फारच सारखी आहेत. जेवणाआधी घ्यायची लॅक्टेजची गोळी फक्त न पचणाऱ्यांसाठी, ॲलर्जीवर तिचा शून्य उपयोग. आणि शिजवल्याने, तळल्याने ॲलर्जी "मरते" हेही चूक, केसीन उष्णतेला चांगलं टिकतं. हां, दुधाची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना केकमध्ये भरपूर वेळ भाजलं गेलेलं दूध सोसतं हे खरंय, पण कोणाला सोसतं ते डॉक्टरांच्या समोर, त्यांच्या देखरेखीत तपासायचं असतं, वाढदिवसाच्या पार्टीत नाही.

लक्षणांवरून ओळखता येतं का? बऱ्याच अंशी. ॲलर्जी साधारण काही मिनिटांत ते दोन तासांत उठते आणि पोटापुरती राहत नाही, अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, घशात आवळल्यासारखं होणं, शिट्टी वाजल्यासारखा श्वास, चक्कर. लॅक्टोजचा त्रास पोटाच्या बाहेर फारसा जात नाही. पण घोळ असा की ॲलर्जीतही उलटी, कळा, जुलाब होतात, आणि लहान बाळांमध्ये एक असाही प्रकार असतो ज्यात दूध प्यायल्यावर एक ते चार तासांनी नुसत्या उलट्यांवर उलट्या होतात आणि अंगावर काहीच उठत नाही. म्हणून नेटवर वाचून स्वतःच ठरवू नका. लॅक्टोजसाठी श्वासातला हायड्रोजन मोजायची साधी टेस्ट असते. ॲलर्जीसाठी त्वचेवर टोचून बघतात, रक्तातलं आयजीई बघतात, आणि तरी शंका उरली तर हॉस्पिटलमध्ये थोडं थोडं खायला देऊन. रक्तातलं आयजीजी, म्हणजे आयजीईहून वेगळी अँटिबॉडी, मोजून शेकडो पदार्थांची "इन्टॉलरन्स" यादी हातात देणारी पॅकेजेस विकतात त्यांच्या नादी लागू नका, आयजीजी दिसलं म्हणजे एवढंच की तुम्ही तो पदार्थ खाता.

हे सगळं हॉटेलात नेऊन बघू, कारण फरक खरा तिथे लागतो. मला विचारायचं असतं ते "किती". सूपमध्ये क्रीम चमचाभर आहे की सूप क्रीमचंच आहे, सॉस वेगळा देता का, बस. उत्तर अंदाजे असलं तरी माझं भागतं. माझ्या भाच्याला दुधाची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी विचारायचं ते "कशाला कशाला लागलंय". मांसावर शेवटी चकाकी यावी म्हणून लोण्याचा ब्रश फिरवता का, बनला वरून दूध लावलंय का, सॉसेजमध्ये दूध पावडर आहे का, ज्या तेलात फ्राईज तळता त्याच तेलात चीज भरलेलं काही तळता का. फ्राईज म्हणजे नुसता बटाटा, यात दूध कुठून येणार असं वाटतं, पण फ्रायर एकच असेल तर ते दूध घालून केलेल्या बॅटरच्या तुकड्यांतूनच पोहून आलेले असतात. आणि हे वेटरला माहीत असेलच असं नाही, म्हणून जो खरंच स्वयंपाक करतोय त्याच्यापर्यंत प्रश्न जायला हवा, गर्दीच्या वेळेआधी गेलात तर तो जातो, ऐन गर्दीत नाही जात.

हॉटेलात हमखास होणारी चूक म्हणजे वरून काढून टाकणं. एका ठिकाणी भाच्याचा बर्गर स्पष्ट सांगूनही चीज घालून आला, परत पाठवला, आणि दोन मिनिटांत "नवीन" म्हणून आला. बहिणीने वरचा बन उचलून उलटा धरला तर आतल्या बाजूला पिवळट चकाकणारा पट्टा, चीजचा कोपरा चिकटलेला तसाच. आत कोणीतरी सुरीने चीज खरवडून तोच बर्गर परत पाठवला होता. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याने याला माझ्यासारखं गिऱ्हाईक समजलं, आणि माझ्यासाठी तेवढं पुरलंही असतं. तेव्हापासून बहीण चुकीची प्लेट परत देतच नाही, नवीन आली की मगच जुनी न्या म्हणते. हॉटेलवाल्यांना विचित्र वाटतं. वाटू दे.

चिमटा, कलथा, कापायचा बोर्ड, हातमोजे, आइस्क्रीमचा स्कूप, प्रोटीन या वाटेने फिरतं. फळांचं सॉर्बे दुधाशिवायचं असतं पण ज्या पाण्याच्या भांड्यात सगळे स्कूप बुचकळतात तिथे सगळे फ्लेवर एकत्र नांदतात. हात सॅनिटायझरने पुसले म्हणजे झालं असंही नाही, शेंगदाण्याच्या प्रोटीनवर तपासून बघितलंय की साबण-पाण्याने ते निघतं, नुसत्या सॅनिटायझरने नाही. सॅनिटायझर जंतू मारतं, प्रोटीन तिथेच राहतं.

मेन्यूवर किती भरवसा ठेवायचा? 2017 मध्ये लंडनमध्ये दुधाची ॲलर्जी असलेला एक मुलगा आपल्या 18 व्या वाढदिवसाला रेस्टॉरंटमध्ये ग्रिल्ड चिकन खाऊन वारला. चिकन बटरमिल्कमध्ये, म्हणजे ताकात मुरवलेलं होतं, त्याने ॲलर्जी आहे हे सांगितलं होतं आणि मेन्यूत त्या ताकाचा उल्लेख नव्हता. लॅक्टोज न पचणाऱ्या माणसाला ते चिकन बहुतेक काहीही करणार नाही. कायदेही देशागणिक वेगळे, युरोपियन युनियनमध्ये डिसेंबर 2014 पासून 14 ॲलर्जन्सची, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांची, माहिती हॉटेलवाल्यांनीही द्यावी लागते, अमेरिकेत पॅकबंद मालावर 9 लिहावे लागतात (तीळ त्यात 2023 ला आले). दूध दोन्ही यादीत आहे, पण मोहरी आणि सेलरी युरोपच्या यादीत आहेत आणि अमेरिकेच्या नाहीत, त्यामुळे प्रवासात एका देशाची सवय दुसऱ्या देशात वापरू नका. "व्हेगन" लिहिलंय म्हणजे दूध मुद्दाम घातलेलं नाही इतकंच, शेजारच्या तव्यावरून आलं नसेल याची ती हमी नाही. आणि "नॉन-डेअरी" क्रीमरमध्येही केसिनेट असू शकतं, जे दुधातूनच काढतात, घटकांची यादी वाचा.

आता जरा स्वतःच्या पार्टीवर टीका. लॅक्टोज न पचणारे बरेच जण हॉटेलात सरळ "ॲलर्जी आहे" ठोकून देतात, कारण मग लोक लक्ष देतात. आणि मग जेवण झाल्यावर तेच आइस्क्रीम मागवतात, "थोडंसं चालतं हो". आतला स्वयंपाकी हे बघतो. त्याने ॲलर्जी म्हणून वेगळा तवा घासून घेतला, हातमोजे बदलले, आणि हा माणूस चीजकेक खातोय. पुढच्या वेळी खरी ॲलर्जीवाली व्यक्ती आली की तो खरवडून पाठवणार. "मला दूध पचत नाही, थोडं असलं तर चालेल" एवढं खरं सांगायला काय जातं?

सीलिअॅकवाले या दोन्हीत बसत नाहीत. तो गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटते, तिथे ॲम्ब्युलन्स लागत नाही पण कणभर ग्लूटेननेही आतडं खराब होत राहतं, म्हणून हॉटेलात त्यांचे प्रश्न ॲलर्जीवाल्यांसारखेच, तवा कोणता नि चिमटा कोणता.

आणि गडबड झालीच तर? मला झाली तर मी घरी जाऊन बाथरूम गाठणार, पाणी पिणार, दुसऱ्या दिवशी ठीक. ॲलर्जीत श्वासाला त्रास, आवाज घोगरा, चक्कर, किंवा एकदम दोन-तीन ठिकाणची लक्षणं दिसली तर ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, लगेच. आधी ॲलर्जीची गोळी देऊन बघू, फरक नाही पडला तर इंजेक्शन, हा क्रम घातक आहे, गोळी अंगाची खाज कमी करेल पण घसा आणि रक्तदाब सांभाळणार नाही. माणसाला आडवं झोपवायचं, पाय वर, श्वासाला फारच त्रास असेल तर बसवायचं, पण उठवून चालवत गाडीपर्यंत न्यायचं नाही. फरक नाही पडला तर 5 ते 15 मिनिटांनी दुसरा डोस, म्हणून दोन पेन, म्हणजे पेनसारखी दिसणारी ही तयार इंजेक्शनं, जवळ असलेली बरी, आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच कारण काही तासांनी लाट परत येऊ शकते. पेन गाडीत ठेवलंय, पर्स लॉकरमध्ये आहे, असलं काही चालत नाही, टेबलावर हवं.

हॉटेल निवडताना बहीण आधी फोन करते. "हो हो, काही काळजी करू नका" असं पटकन उत्तर आलं की ती दुसरा नंबर लावते. "आमच्याकडे फ्रायर एकच आहे, तळलेलं काही देऊ शकणार नाही, ग्रिलवरचं देतो पण तवा वेगळा घ्यायला 20 मिनिटं लागतील" असं कोणी म्हणालं की टेबल बुक.